थरथऱ्यांची जोडी

“तू बघ,” आठल्ये सर म्हणाले. “केरबाच्या डोळ्यांना जे हवंय तेच दिसेल, आणि माझ्या डोळ्यांना जे नकोय ते दिसणारच नाही. तेव्हा आम्ही दोघं इथंच बसतो. तू जा.”

कुसरवाडीच्या प्राथमिक शाळेचा व्हरांडा होता. दसऱ्याची सुट्टी असल्यामुळे शाळा आम्हाला राहायला मिळाली होती. सर मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. केरबा सुतार पायरीवर उकिडवा बसून माझी डबी बांधत होता, दोन भाकऱ्या आणि वर लसणाची चटणी.

“केरबा, तुला मान्य?” सरांनी विचारलं.

“मान्य,” तो म्हणाला. “निर्मला म्हणंल ते खरं. दिसलं म्हणाली तर दिसलं, न्हाई म्हणाली तर न्हाई. पुन्यांदा शब्द काढायचा न्हाई.”

“मलाही मान्य,” सर म्हणाले.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, केरबासारखीच सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. दोन शहाणी माणसं आपल्याला पंच नेमतायत याचा मला अभिमान वाटला. पंच होणं म्हणजे काय ते ठाऊक असतं, तर मी त्याच पावली एसटी धरून कोल्हापूरला परत गेले असते.

भांडण होतं एका उडदाएवढ्या प्राण्यावरून. राधानगरीच्या वरच्या जंगलात, ओल्या कातळांच्या पोटाशी तो घोळक्यानं राहतो. अंग उडदाएवढं आणि पाय केसासारखे, बोटबोटभर लांब. घोळक्याला कुणी धक्का दिला की सगळे मिळून पायांवर असे थरथरतात की बघणाऱ्याची नजर ठरत नाही. म्हणून वाडीतली माणसं त्याला थरथऱ्या म्हणत, आणि त्यांचं ऐकून आम्हीही. लोक त्याला कोळी समजतात, पण तो कोळी नाही. कोळ्याची कंबर बारीक असते, याला कंबरच नाही, सगळं अंग एक गोळा. हा जाळं विणत नाही, याला विष नाही. पाठीवर एक उंचवटा, त्याच्या दोन बाजूंना दोन डोळे. पाय आठ, पण चालतो सहांवर. पुढून दुसरी जोडी आंधळ्याच्या काठीसारखी समोर चाचपत नेतो. विंचू, कोळी, गोचीड यांच्या आठपायी खानदानात याचं घर वेगळं.

सरांनी या घरातल्या दोन जाती शोधल्या होत्या. एक काळी, दांडग्या जबड्याची. तिला सह्याद्रीचं नाव दिलं, आम्ही तिला ‘सह्या’ म्हणायचो. दुसरी तपकिरी, लहान, पाठीवर पांढरा खोगिरासारखा डाग. ती दोन वर्षांनी जाहीर झाली. तिचं नाव सरांनी आपल्या मुलीवरून ठेवलं. कुंदावरून.

कुंदा सरांची एकुलती एक मुलगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना काविळीनं आठ दिवसांत गेली. त्याआधीच्या पावसाळ्यात ती वडिलांबरोबर याच जंगलात आली होती, आणि तपकिरी थरथऱ्या पहिल्यांदा तिनंच पकडला होता, उलट्या धरलेल्या छत्रीत. तो ज्या काचेच्या नळीत ठेवला, तिच्यातली चिठ्ठी कुंदाच्या अक्षरातली होती. प्रयोगशाळेत आम्ही ‘आज दोन कुंदा मिळाल्या’ असं सहज बोलायचो. सरही बोलायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, मग सवय झाली.

सरांची पद्धत जुनी. थरथऱ्याच्या मांडीत खोट्या सांध्यांच्या बारीक गाठी असतात. त्या मोजायच्या, तीन असल्या तर एक जात, दोन असल्या तर दुसरी. केरबा सुताराच्या घरातला. लाकूड वरून बघून त्याचं समाधान होत नसे, तो फोडून बघणारा. त्यानं सुईनं एकेक प्राणी उघडला आणि एक दिवस सरांच्या टेबलाशी उभा राहिला.

“सर, अकरा सह्या उघडले, अकरा नर. नऊ कुंदा उघडल्या, नऊ माद्या.”

“योगायोग.”

“एका गावात नुसतं गडी, दुसऱ्या गावात नुसत्या बायका. मग पोरं आभाळातनं पडत्यात व्हय, सर?”

मला हसू आलं, सरांना नाही. केरबाचं म्हणणं सरळ होतं. या दोन जाती नाहीत, एकाच जातीचे नवरा-बायको आहेत, आणि गाठी नराच्या तीन, मादीच्या दोन. आणि आमच्या शास्त्राचा नियम असा की एका प्राण्याला दोन नावं पडली तर थोरलं राहतं, धाकटं पुसलं जातं. धाकटं नाव कुंदाचं होतं.

केरबाच्या प्रबंधाचा सगळा जीव या एका प्रकरणात होता आणि दिवाळीनंतर त्याची मुदत संपत होती. सरांचा आग्रह एकच, जोडी जुळताना प्रत्यक्ष कुणी पाहिली पाहिजे. बाटलीतल्या मेलेल्यांवरून लग्नं लावू नका. म्हणून ही कुसरवाडी, आणि म्हणून मी.

सरांचा आणखी एक शिरस्ता होता. जंगलात जे दिसेल ते वहीत पेन्सिलीनं लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तिसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, तेच शाईनं उतरवायचं. शाईनं उतरलं ते खरं. “पहिल्या दिवशी माणूस स्वतःला हवं ते बघतो,” ते म्हणायचे, “तिसऱ्या दिवशी त्याला लाज वाटायला लागते.” आम्ही या वाक्याची पाठीमागे नक्कल करायचो.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मी अंजनीच्या झाडाखाली पोतं टाकून बसायची. समोर कमरेएवढ्या उंचीचा काळा कातळ, त्याच्या पोटाला शंभरएक थरथरे चिकटलेले. ते झोपलेले आणि मीही अर्धी झोपलेली. डास मात्र जागे होते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, ढग खाली उतरले आणि दुपारीच अंधारून आलं. तीन वाजून दहा मिनिटांनी घोळक्यातून एक कुंदा सुटून बाहेर आली आणि कातळाच्या कडेला थांबली. तिच्या मागून एक सह्या निघाला. तो तिला वळसा घालून समोर आला. कोळ्याची जात मागून-बाजूनं भीत भीत जाते, न जाणो बायको खाऊन टाकायची. हा समोर आला, तोंडासमोर तोंड. मग त्यानं दुसऱ्या जोडीचे दोन लांब पाय तिच्या पाठीवर नेले आणि थोपटायला लागला. हलकं, एका लयीत. ती मागं सरली, तोही थांबला. पुन्हा थोपटलं. मग ती जागची हलली नाही, आणि दोघं पुढून उंच होऊन एकमेकांना भिडले.

चार मिनिटं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. पेन्सिल आपोआप चालत होती. त्यानंतर तो निघून गेला नाही. एक पाय तिच्या पाठीवर ठेवून तसाच उभा राहिला, आणि दुसरा एक सह्या जवळ आला तर त्याला यानं हुसकून लावलं.

तेवढ्यात मला शहाणपण सुचलं. जोडी नळीत घेतली तर पुरावाच होईल! मी चिमटा पुढं केला, घोळका थरथरला, दोघं कुठं गेले कळलं नाही आणि चिमट्यात सह्याचा एक पाय राहिला. थरथऱ्या जिवावर बेतलं की पाय टाकून पळतो. तुटलेला पाय माझ्या वहीच्या पानावर कितीतरी वेळ आखडत-पसरत राहिला. कोळ्याला तुटलेला पाय पुन्हा फुटतो, याला फुटत नाही. थांबल्यावर मी तो त्याच पानावर डिंकाच्या पट्टीनं चिकटवला.

केरबा जिंकला! मी अर्धी टेकडी पळत उतरले. खाली शाळेची कौलं दिसली, व्हरांड्यात सरांची पांढरी टोपी दिसली, आणि माझे पाय आपोआप मंदावले. केरबा जिंकला म्हणजे कुंदा पुसली, हे मला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं. तोवर ते नुसतं नियमाच्या पुस्तकातलं वाक्य होतं.

व्हरांड्यात कुणीच काही विचारलं नाही, शिरस्ताच तसा होता. केरबानं चुलीवर पिठलं केलं होतं. वाढताना त्यानं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खाली बघून जेवले. पिठल्यात मीठ नव्हतं हे मला सरांनी मीठ मागितल्यावर समजलं.

बुधवारी संध्याकाळी मी वही घेऊन सरांच्या घरी गेले. सर अंघोळ करत होते. माईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला दडपे पोहे दिले आणि समोर बसल्या. माई दिवसाकाठी चार वाक्यं बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र उठल्या आणि मला शोकेसशी घेऊन गेल्या.

आत चौकटीत बसवलेलं एक छापील पान होतं. इंग्रजी मजकूर, मधे थरथऱ्याचं चित्र. माईंना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांनी काचेवर नेमक्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे ना तिचं नाव?”

“हो, माई.”

“नाव चालवायला घरात नातवंडं लागतात. आमच्याकडं कोण आहे? पण हे म्हणाले, जगात जिथं जिथं हे शास्त्र शिकतात तिथं ते राहील. आपण गेल्यावरसुद्धा.” त्यांनी पदरानं काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. “खरं ना गं?”

“खरं, माई,” मी म्हटलं.

झालं. खरं सांगायचं तर निर्णय तिथंच झाला. पुढं खोलीत गेले ती नुसती पायांनी.

सर टेबलाशी बसले होते. पुढ्यात निळी फाइल होती आणि हातात टोपण काढलेलं शाईचं पेन. फाइल माझीच वाट बघत असल्यासारखी उघडी होती, पण त्यांनी ती मी बसल्यावर मिटली.

“सांग, निर्मला.”

वही माझ्या पर्समध्ये होती. मी ती बाहेर काढली नाही.

“काही दिसलं नाही, सर.”

“तीन दिवसांत?”

“एकही जोडी नाही. सगळे आपले चिकटून बसलेले.”

“नक्की?”

“नक्की.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं, फिरवून घट्ट केलं, आणि निळी फाइल खणात ठेवली.

“बरं,” ते म्हणाले. “तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. निदान मी ती सुटकाच धरली. रिक्षात बसल्यावर मला स्वतःबद्दल बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, दोन म्हाताऱ्या जिवांचं एवढं राहू दे, केरबा तरणा आहे, त्याला शंभर वाटा. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून दान करायला आपलं काय जातं!

दुसऱ्या दिवशी केरबा प्रयोगशाळेत नळ्या लावत होता. नळ्यांसाठी त्यानं स्वतःच सागवानी फळी करून आणली होती, चाळीस भोकांची, एकाही भोकाला खरखर नाही.

“सरांनी सांगितलं,” तो म्हणाला.

“केरबा, तीन दिवस म्हणजे काहीच नाही. पुन्हा कधीतरी…”

“तू म्हणतीस न्हवं न्हाई दिसलं?”

“नाही दिसलं.”

“मग न्हाई.” त्यानं आणखी एक नळी भोकात सोडली. “शब्द दिलाय.”

त्यानं ते प्रकरण प्रबंधातून काढलं. सर म्हणाले, बाकीचं भरपूर आहे, तेवढं दे, पदवी मिळेल. केरबानं शेवटची यादी टंकायला घेतली. सह्या आणि कुंदा यादीत वेगवेगळे लिहायला हवे होते. तिथं तो थांबला. दोन दिवस यंत्रात तोच कागद होता. तिसऱ्या दिवशी यंत्र मोकळं होतं आणि केरबा आला नव्हता.

मी त्याला एसटी स्टँडवर गाठलं. हातात वळकटी, खांद्याला पिशवी.

“अरे, एका ओळीसाठी?” मी म्हटलं. “लिहून टाक की. कोण वाचतंय?”

“मी वाचतोय की,” तो म्हणाला. “जे खोटं हाय म्हणून ठावं हाय, त्याच्याखाली माझं नाव न्हाई घालत. आन् खरं लिवायला शब्द आडवा येतोय. मग लिवायचं तरी काय?”

मी तिथं बोलू शकले असते. गाडी सुटायला सात-आठ मिनिटं होती. मी त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलं. तो नको म्हणाला.

पुढल्या जूनमध्ये सरांच्या शिफारशीनं मला विभागात जागा मिळाली. मी दयेपोटी खोटं बोलले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्या दयेत जूनच्या जागेचा वाटा किती होता हे मात्र कधी तपासलं नाही. दुसऱ्याचं पोट फोडून बघता येतं, स्वतःचं नाही.

पेन्सिलीचं पान मी वहीतून काढून ठेवलं होतं. फाडलं नाही, आणि कुणाला दाखवलंही नाही. मी विद्यार्थ्यांना वीस वर्षं गाठी मोजायला शिकवल्या, सह्या वेगळा, कुंदा वेगळी. केरबाच्या फळीतल्या नळ्या काढताना हात कधी कचरला नाही असंही नाही. त्या जंगलात पुन्हा गेले नाही एवढंच. गुडघे दुखतात म्हणायची. तेव्हा दुखत नव्हते.

सर गेले. त्यानंतर दोन वर्षांनी माईंनी निरोप पाठवला, पुस्तकं घेऊन जा, इथं वाळवी लागते. मी गेले. शोकेसमधलं पान तिथंच होतं, पिवळं पडलेलं. सरांच्या खोलीत मी एकेक खण रिकामा करत होते. सगळ्यात खालच्या खणात निळी फाइल होती.

आत टंकलेली तीन पानं. वर तारीख, एक ऑक्टोबर चौऱ्याऐंशी. म्हणजे दसऱ्याच्या आधी, कुसरवाडीला निघण्याच्याही आधी. शीर्षकात दोन्ही नावं होती, आणि त्यातलं कुंदाचं नाव रद्द केल्याची घोषणा. मी उभ्यानंच वाचत गेले. ‘या दोन जाती वेगळ्या मानण्यात प्रस्तुत लेखकाची चूक झाली. ती प्रथम लक्षात आणून देण्याचं श्रेय सर्वस्वी माझे विद्यार्थी श्री. केरबा सुतार यांचं आहे.’ पुढं एक वाक्य होतं, गाळलेल्या जागांसह. ‘नर व मादी यांचा समागम कु. निर्मला चौगुले यांनी ________ येथे, दिनांक ________ रोजी, ________ वाजता प्रत्यक्ष पाहिला.’

तीन रिकाम्या जागा. म्हणून पेनाचं टोपण काढलेलं होतं.

खाली समासात सरांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर: ‘निर्मलाने पाहिले नाही. अर्थात माझीच घाई. थांबावे.’

माई दारात आल्या. “काही कामाचं आहे का त्यात?”

“माई, सरांनी तुम्हाला कधी… कुंदाच्या नावाबद्दल काही सांगितलं होतं?”

“ते ना? जंगलात जायच्या आधी म्हणाले होते, नाव बहुतेक काढावं लागेल. मी म्हटलं, काढा. आपल्या पोरीच्या नावावर खोटं कशाला.” त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “तू आलीस त्या दिवशी वाटलं, आता जाणारच आहे, तर शेवटचं एकदा तुझ्याबरोबर बघून घ्यावं. मग तू म्हणालीस, काही दिसलंच नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ह्यांना त्यानंतर नीट झोप लागली नाही. केरबा का गेला, केरबा का गेला, एवढंच.”

मी फाइल पिशवीत घातली. ज्यांना वाचवायला मी खोटं बोलले त्यांना कुणापासून वाचायचंच नव्हतं. ते खरं ऐकायला पेन उघडून बसले होते.

एवढं कळल्यावर तरी लगेच जावं ना? फाइल माझ्या कपाटात आणखी दोन वर्षं पडून होती. आज परीक्षा, उद्या लग्नसराई. एकदा खोटं बोलायला क्षण लागतो, ते परत घ्यायला जायचं म्हटलं की एसटी सापडत नाही.

शेवटी एका मार्चमध्ये गेले. भोगावतीकाठचं गाव, रस्त्याला लागून पत्र्याची शेड, दारं-चौकटी उभ्या करून ठेवलेल्या. केरबा फळीवर रंधा मारत होता. केस पांढरे, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. मला त्यानं लगेच ओळखलं.

“ये, निर्मला. बस. भुसा झाडून बस.”

मी बसले नाही. आधी फाइल दिली. त्यानं चष्मा लावला आणि तीन पानं सावकाश वाचली. मधे एकदा मागं जाऊन आपल्या नावाची ओळ परत वाचली. मग मी वहीचं पान दिलं.

पेन्सिल फिकट झाली होती, पण वाचता येत होती. डिंकाच्या पट्टीखाली तो पाय होता, केसासारखा. केरबानं पान उजेडाला धरलं.

“तू बघितलं हुतंस.”

“हो.”

“मला तवाच कळलं हुतं,” तो म्हणाला. “पिठल्यात मीठ मीच टाकलं न्हवतं, मन ठिकाणावर न्हवतं माझं. तू समदं ताट खाल्लंस, काय न बोलता. म्हणलं, हिनं बघितलंय.”

“मग बोलला का नाहीस? माझ्या तोंडावर म्हणायचं होतं, खोटं बोलतेस!”

“निर्मला म्हणंल ते खरं, आसं मीच म्हणलो हुतो की.”

मी खाली बसले, भुशावरच. माफी मागायला शब्द जुळवून आले होते, ते सगळे एकदम फालतू वाटले. तरी म्हटलं, “केरबा, माझं चुकलं. तुझं सगळं गेलं माझ्यापायी.”

चष्मा काढून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला. मग माझ्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर येऊन बसला आणि त्यानं जे विचारलं ते मी कधीच अपेक्षिलं नव्हतं.

“समोरनं आला का मागनं?”

“काय?”

“नर. म्या आयुष्यात बघितलं न्हाई. त्यानंतर चार वर्सं जात हुतो त्या कातळाला, लपून. शब्द दिल्याला, तरी जात हुतो. मला कवा दिसलं न्हाई. सांग की, कसा आला?”

“समोरून,” मी म्हटलं. “वळसा घालून समोर आला.”

“समोरासमोर?” त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. “मला वाटलंच हुतं. अंगाची ठेवणच तशी हाय. आन् दुसऱ्या जोडीचं पाय? ते कुठं हुतं?”

“तिच्या पाठीवर. थोपटत होता.”

“कसं?”

मी त्याच्या रंधा मारलेल्या फळीवर दोन बोटांनी दाखवलं. हलकं, एका लयीत. त्यानं आपली जाड, घट्टे पडलेली बोटं शेजारी ठेवली आणि तसंच थोपटून बघितलं. मी म्हटलं, जरा हळू. त्यानं हळू केलं. मग ती मागं सरली, तो थांबला, पुन्हा कसं थोपटलं, किती मिनिटं, नंतर पाय ठेवून कसा राखण करत उभा राहिला, हे सगळं त्यानं मला दोनदा सांगायला लावलं. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, बहुतेक त्याला कळलंही नसावं.

मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली. सरांचं पान मांडीवर घेतलं आणि माझ्या वहीत बघून तिन्ही रिकाम्या जागा भरल्या. कुसरवाडी. सात ऑक्टोबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. अक्षर अजून तसंच, एकसारखं. चपट्या पेन्सिलीनंसुद्धा.

“घे,” तो म्हणाला. “पेन्सिलीनं लिवलंय. शाईनं तू उतरव.”

“उतरवते,” मी म्हटलं. “शिरस्त्याप्रमाणं. तिसऱ्या दिवशी.”

मला वाटलं तो हसेल. आम्ही त्या वाक्याची एके काळी किती नक्कल केली होती.

“तिसरा दिवस कवाच उलटला, निर्मला,” केरबा म्हणाला, आणि रंधा उचलून त्यानं फळी पुन्हा हातात घेतली.